पेटीतलं अस्वल : ओळखायचं कसं, जपायचं कसं

अर्धापुरातून आणि आसपासच्या गावांतून ऐकणाऱ्या सगळ्या ताई, माई, आत्या आणि काकूंना बचत गटाच्या आम्हां मैत्रिणींचा नमस्कार. हातातलं काम सोडू नका. हळद निवडत असाल तर निवडत राहा, पानांच्या कवळ्या बांधत असाल तर बांधत राहा. कान तेवढे इकडे द्या.

आज कर्जाचं, हप्त्याचं, बँकेच्या पासबुकाचं बोलायचं नाही. आज एका खेळण्याचं बोलायचं आहे. हसू नका. या खेळण्यापायी आमच्या गटातल्या एका घरात महिनाभर भावाभावांत अबोला होता.

झालं असं. गटातल्या एका काकूंचं जुनं माळवदाचं घर गेल्या उन्हाळ्यात पाडायला काढलं. मधल्या खोलीतून सासूबाईंची पत्र्याची पेटी निघाली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पेटीत एक विरलेलं इरकली लुगडं, एक कुंकवाचा करंडा, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक अस्वल. खेळण्यातलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढं. रंग जुन्या हळकुंडासारखा. अंगावरचे केस जागोजागी झडलेले. उजवा कान त्याचा स्वतःचा आणि डावा कान चक्क काळ्या घोंगडीच्या तुकड्याचा.

सून म्हणाली, "मशीनमध्ये टाकून बघते, नाही निघालं तर घंटागाडीत देते." पुतण्यानं फोटो काढून कुणाला तरी पाठवला. आठ दिवसांत शहरातून एक जुन्या वस्तू घेणारा माणूस आला. त्यानं अस्वल उलटंपालटं केलं, म्हणाला, "दुरुस्त केलेला माल आहे, खराब आहे, पाचशे देतो." तो गेल्यावर पुतण्यानं मोबाइलवर शोधलं तर अशा जुन्या अस्वलांना परदेशात लाखांनी पैसे मिळतात असं दिसलं. झालं. एक भाऊ म्हणाला विकायचं, दुसरा म्हणाला एवढ्यात नाही. काकू वैतागल्या आणि अस्वल पिशवीत घालून गटाच्या बैठकीला घेऊन आल्या. "तुम्ही सॉफ्ट टॉइजचं प्रशिक्षण केलंय ना, मग सांगा हे काय आहे ते."

आम्ही प्रशिक्षण केलं होतं खरं. पण ते नव्या अस्वलांचं. जुन्याचं काहीच ठाऊक नव्हतं. मग वाचलं, विचारलं, एकमेकींना सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

अस्वल आपल्याला नवं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या जंगलात ते आहेच. आपल्यातल्या वयस्कर बायांना दरवेशी आठवत असेल. वेसण घातलेलं अस्वल घेऊन तो गावात यायचा, डमरू वाजवायचा. भिणाऱ्या लेकराला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, म्हणजे भीती जाते. अस्वलाचा केस ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधायचे. त्या जनावराचे हाल काय होत होते ते तेव्हा कुणी बोलत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि पुढे १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं अस्वलाचे खेळ बंद झाले. म्हणजे आपल्याकडे अस्वल होतं ते भीती घालवायला. उशाशी घेऊन झोपायचं अस्वल मात्र परदेशातून आलं.

त्याच्या नावाची गोष्ट अमेरिकेतली आहे. थिओडोर रूझवेल्ट हे तिथले राष्ट्राध्यक्ष. त्यांचं लाडकं नाव टेडी. नोव्हेंबर १९०२ मध्ये ते मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले. त्यांना शिकार मिळेना. त्यांचा वाटाड्या होल्ट कोलियर, हा गुलामीत जन्मलेला काळा माणूस आणि नावाजलेला शिकारी, त्यानं एक अस्वल गाठलं आणि झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. अस्वल जखमी होतं, त्याला नंतर मारलंच. गोष्ट सांगताना हा भाग लोक गाळतात. १६ नोव्हेंबर १९०२ ला 'वॉशिंग्टन पोस्ट' या वर्तमानपत्रात क्लिफर्ड बेरीमन यांनी या प्रसंगाचं व्यंगचित्र काढलं. ते गाजलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॉरिस आणि रोझ मिचटम हे नवराबायको गोळ्या-मिठाईचं दुकान चालवायचे. त्यांनी घरी कापडाचं अस्वल शिवून दुकानात मांडलं आणि त्याला नाव दिलं 'टेडीचं अस्वल'. पुढे त्यांनी खेळण्यांची मोठी कंपनी काढली.

पण आम्हाला जवळची वाटली ती दुसरी गोष्ट, जर्मनीतली. गिंगेन नावाच्या लहान गावात १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजव्या हातात जोर राहिला नाही. लोक म्हणाले, या मुलीचं कसं व्हायचं. ती शिवणकाम शिकली. उजव्या हातानं शिलाई यंत्राचं चाक फिरवता येईना, तर तिनं यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हातानं चाक चालवलं. १८७७ मध्ये तिनं फेल्टच्या, म्हणजे दाबून बनवलेल्या लोकरीच्या कापडाच्या, कपड्यांचं दुकान काढलं. थोड्याच वर्षांत तिनं टाचण्या टोचायची एक गादी केली, हत्तीच्या आकाराची. बायांनी ती घेतली शिवणाच्या डब्यासाठी, पण लेकरांनी पळवली खेळायला. तिथून तिचा खेळण्यांचा धंदा सुरू झाला. तिच्या पुतण्यानं, रिशार्ट श्टाइफनं, हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत, म्हणजे खेळण्यांच्या मोठ्या बाजारात, एका अमेरिकी व्यापाऱ्यानं एकदम ३,००० अस्वलं मागवली. १९०७ साली त्या कारखान्यानं सव्वानऊ लाखांहून जास्त अस्वलं केली. मार्गारेटे १९०९ मध्ये वारली. दोन खंडांतली ही दोन्ही घरं एकमेकांना ओळखतही नव्हती, आणि दोन्हीकडं सुरुवात झाली ती बाईच्या सुईनं. आम्ही गटात हे वाचलं तेव्हा प्रशिक्षणाला "टेडी शिवून काय होतं?" म्हणणाऱ्या दोघी गप्प बसल्या.

आता ओळखायचं कसं? आम्ही शिकलो ते असं, की एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. पाच-सहा खुणा बघायच्या आणि त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहायचं. लग्न जुळवताना आपण एकाच माणसाला विचारत नाही, तसंच.

पहिली खूण कान. श्टाइफच्या अस्वलाच्या डाव्या कानात १९०४ पासून धातूचं बटण असतं. नकली माल ओळखता यावा म्हणून ते लावू लागले. बटण पडलं तरी बारीक भोक राहतं.

दुसरी खूण डोळे. सगळ्यात जुन्या अस्वलांचे डोळे म्हणजे काळी बुटाची बटणं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून काचेचे डोळे आले, तारेवर बसवलेले. १९५० नंतर प्लास्टिकचे. काच आणि प्लास्टिक ओळखायला सोपं. गालाला लावा, काच गार लागते.

तिसरी खूण पोटातला भरणा. अगदी जुन्यांत लाकडाचा कीस, सुतार रंधा मारतो तेव्हा पडतो तसा पण दोऱ्यासारखा बारीक. दाबलं की कुरकुर आवाज येतो. पहिल्या महायुद्धानंतर कापोक वापरू लागले. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपल्या काटेसावरीच्या कापसाचा तो भाऊच, हलका आणि रेशमासारखा. फोम आणि फायबर हे पुढचं, आपण वापरतो ते.

चौथी खूण अंगावरचे केस. जुन्यांचे केस मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे. पुढे कृत्रिम रेशीम, मग नायलॉन. अंगावरून आपोआप गळलेला एखादा केस चिमट्यात धरून पेटवला तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, सुताला जळक्या कागदाचा, आणि नायलॉनची वितळून गोळी होते. रेशीम खरं की खोटं हे आपण असंच बघतो. पण लक्षात ठेवा, गळलेला केस, आणि अस्वलापासून लांब, चुलीपाशी.

पाचवी खूण तळवे. सुरुवातीला फेल्टचे. १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत इंग्लंडच्या बऱ्याच अस्वलांना रेक्झीनचे. हो, तेच रेक्झीन. कापडावर रसायनाचा थर दिलेलं. जुनं झालं की त्याला भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात.

सहावी खूण ठेवण. जुन्या अस्वलाचं नाक लांब, हात गुडघ्याखाली जाणारे, पावलं मोठी, पाठीला कुबड. जसजसा काळ पुढे गेला तसं तोंड चपटं झालं आणि हातपाय आखूड.

आता काकूंचं अस्वल समोर ठेवा. डावा कानच बदललेला, म्हणजे बटणाची खूण गेली. म्हणूनच पुतण्याला आशा होती की ते जर्मन असेल. पण बाकीच्या खुणा काय म्हणत होत्या? डोळे काचेचे. अंगावर मोहेर. डोकं दाबलं तर कुरकुरतं, म्हणजे लाकडाचा कीस. हातपाय हलके, म्हणजे कापोक. तळवे रेक्झीनचे. आणि उजव्या पावलावर एक चौकोनी जागा, बाकीच्यापेक्षा कमी मळलेली, कडेनं बारीक भोकं. तिथं कधीतरी कापडी पट्टी शिवलेली असणार. इंग्लंडच्या कारखान्यांची अशी पट्टी पावलावर असायची. सगळं मिळून अस्वल इंग्लंडचं, १९३० च्या पुढेमागे केलेलं. जर्मन नाही आणि लाखांचंही नाही. हे आम्ही काकूंच्या पुतण्याला तोंडावर सांगितलं. त्याचं तोंड उतरलं, पण खोटं कशाला सांगायचं?

एक गोष्ट मात्र जुळेना. पोट. हातपाय हलके आणि पोट जड, गाठीगाठीचं. पाठीवर वरचा टाका बारीक तपकिरी दोऱ्याचा, कारखान्यातला. त्याच्या खाली चार बोटं लांबीचा टाका जाड निळ्या दोऱ्याचा, दुहेरी, गोधडीला घालतो तसा. दोन टाक्यांच्या फटीतून पांढरा कापूस डोकावत होता आणि त्यात सरकीची टरफलं. हा कापूस काही इंग्लंडचा नव्हता, आपल्या काळ्या मातीतला होता. आम्हाला वाटलं उंदरानं पोट कुरतडलं असेल आणि सासूबाईंनी भरून काढलं असेल. एक जण म्हणाली, उसवून बघू. बरं झालं आम्ही उसवलं नाही.

तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की या घरातली एक व्यक्ती अजून आहे जिला विचारलंच नाही. काकूंच्या नणंद. सगळ्यांच्या आत्या. लग्न होऊन भोकरकडं गेल्या त्याला साठ वर्षं झाली. वय पंच्याऐंशीच्या आसपास. भांडत होते भाऊ आणि पुतणे, आणि आत्याला फोनसुद्धा नव्हता केला. लेक दिली की परकी झाली, तिचा घरातल्या वस्तूशी काय संबंध? आम्ही बैठकीतच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकूंनी सांगितलं, "आक्का, आईंच्या पेटीत एक अस्वल सापडलंय." पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग आत्या म्हणाल्या, "हळदीच्या रंगाचं? ते माझं हाय बाई."

मग त्या बोलत राहिल्या आणि आम्ही ऐकत राहिलो.

त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडं खानसामा होते. निजामाच्या रेल्वेनं सिकंदराबाद नांदेडला जोडलेलं, त्यामुळं जाणं-येणं होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास साहेब लोक सामान आवरून निघाले. आजोबांना निरोपाच्या सामानात हे अस्वल मिळालं. त्यांनी ते नातीला आणून दिलं. ती तेव्हा सहा-सात वर्षांची. गावात कुणी असलं खेळणं पाहिलेलं नव्हतं. लेकरं बघायला यायची.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा नाही. तो निजामाच्या राज्यातच होता. रझाकारांची धामधूम सुरू झाली. आपल्या भागातली कितीतरी घरं रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता, हे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडून तुम्हीही ऐकलं असेल. १९४८ च्या उन्हाळ्यात आत्यांचं घरही बैलगाडीनं हदगावच्या वाटेनं उमरखेडकडं निघालं.

"निघायच्या आदल्या राती आईनं माझं अस्वल घेतलं," आत्या म्हणाल्या. "पाठ उसवली. आतलं मऊ मऊ काढलं. पुतळ्याची माळ अन् डोरलं कापसात गुंडाळून आत घातलं अन् शिवून टाकलं. मला म्हनली, हे हातातून सोडायचं न्हाई. झोपलीस तरी सोडायचं न्हाई. वाटेत झडती झाली. गाठोडी उसकली, पीठ सांडलं, आईच्या अंगावरचं बघितलं. लेकराच्या हातातलं खेळनं कोन बघतंय? मला वाटलं, आईला माझ्या खेळन्याची काळजी हाय. मोठी झाल्यावर कळलं, पुतळ्याची होती."

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. घर परत आलं. माळवद एका बाजूनं बसलं होतं, बैल गेले होते. आईनं पाठ पुन्हा उसवली, पुतळ्या काढल्या, मोडल्या. त्यातून एक बैल घेतला आणि माळवद उभं केलं. रिकाम्या पोटात शेतातला कापूस भरला. निळा दोरा त्यांच्या गोधडीचाच. कान मात्र धाकट्या भावानं ओढून तोडला होता, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत एकदम हसू फुटलं. काकू हसता हसता डोळे पुसत होत्या.

म्हणजे बघा, तो घेणारा माणूस ज्याला "खराब, दुरुस्त केलेला माल" म्हणाला होता, तो निळा टाका म्हणजे त्या घराच्या पायाचा दगड. आम्ही तो उसवला असता तर?

पुतण्यानं विचारलं, "म्हणजे बाजारात किंमत शून्यच ना?" शून्य नाही, पण फार नाही. आणि बाजारालाही गोष्टीची किंमत कळते. १९९४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात एक श्टाइफ अस्वल एक लाख दहा हजार पौंडांना गेलं. बॉब हेंडरसन नावाच्या कर्नलनं ते लहानपणापासून आयुष्यभर जपलं होतं. तसलीच दुसरी अस्वलं होती, पण हे कुणाचं, कुठून आलं, कुणाजवळ होतं हे सगळं माहीत होतं. आपल्या घरात वस्तू असते, गोष्ट विसरलेली असते. गोष्ट सांगणारं माणूस गेलं की वस्तू भंगार होते. पुतण्या आता गप्प नाही बसला. पुढच्या रविवारी भोकरला जाऊन त्यानं आत्यांचं सगळं बोलणं मोबाइलवर भरून आणलं. पाऊण तासाचं.

आता जपायचं कसं ते सांगतो. अस्वलच कशाला, कापडी बाहुली, ठकीचा शालू, जुनी लोकरी शाल, सगळ्यालाच हे लागू आहे.

धुवायचं नाही. मशीन नाही, बादली नाही, नळ नाही. आत लाकडाचा कीस असेल तर तो भिजून कुजतो. मानेत आणि खांद्यात पुठ्ठ्याच्या चकत्या आणि लोखंडी खिळे असतात, पुठ्ठा फुगतो आणि खिळे गंजतात. आमच्यातल्या एकीनं पहिल्याच दिवशी कौतुकानं ओल्या फडक्यानं तळवा पुसला आणि रेक्झीनचा पापुद्रा हातात आला. चूक आमची. तो पापुद्रा आम्ही पुडीत बांधून ठेवला आहे.

धूळ कोरडी काढायची. मऊ ब्रश, लहान बाळाच्या केसांचा असतो तो, केसांच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवायचा. कुणाकडं व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा आणि अगदी कमी जोरावर, अंगाला न टेकवता धरायचं.

कसर आणि किडे. लोकरीचा शत्रू कसर. केस झडलेल्या जागी बारीक जाळं किंवा रव्यासारखे कण दिसले तर कसर आहे असं समजा. औषध फवारायचं नाही. वस्तू कोरडी असल्याची खात्री करा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आतली हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा. मग डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा पुरेसा गार होईलच असं नाही. उणे १८ अंश किंवा त्याहून गार लागतं. आइस्क्रीमच्या दुकानात ओळख असेल तर विचारा. आम्ही तेच केलं. दुकानदार म्हणाला, "ताई, कुल्फीशेजारी अस्वल पहिल्यांदाच ठेवतोय." बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं. काचेचे डोळे असतील तर आणखी जपून, धक्का लागू देऊ नका.

ठेवायचं कुठं? प्लास्टिकच्या पिशवीत कायमचं ठेवू नका, आत दमट होतं. वर्तमानपत्रातही नको, शाई लागते आणि कागद पिवळा पडतो तसं कापडही पडतं. जुनं, बऱ्याच वेळा धुतलेलं, खळ नसलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. पेटी भिंतीला चिकटवू नका आणि जमिनीवर टेकवू नका. खाली दोन विटा आणि फळी ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब. पत्र्याच्या शेडखाली पत्र्याची पेटी ठेवली तर आपल्या उन्हाळ्यात तिची भट्टी होते. ती आतल्या गार खोलीत ठेवा. वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, वस्तूला टेकवू नका, आणि दर पावसाळ्यानंतर बदला. उन्हात वाळत घालायची आपली सवय चांगली, पण जुन्या रंगाला ऊन खातं. सावलीत, वाऱ्यावर तासभर पुरे.

दुरुस्ती कमीत कमी. डोळा लोंबत असेल तर दोन टाके घाला. पण जुना काढून नवा बसवू नका. सुती दोरा घ्या आणि शक्यतो जुन्या भोकांतूनच सुई घाला. गळून पडलेलं काहीही फेकू नका, पुडी बांधून त्याच्याजवळच ठेवा. आणि आजीनं घातलेला टाका वेडावाकडा असला तरी उसवू नका. का ते आता सांगायला नको.

तान्ह्या लेकराच्या हाती देऊ नका. जुन्या डोळ्यांना मागं तार किंवा खिळा असतो. घशात गेला तर जिवावर बेतेल. लेकरांसाठी आपण शिवतो ती नवी अस्वलं आहेतच, तीही डोळे पक्के बघूनच द्या.

शेवटचं आणि सगळ्यात सोपं. एक चिठ्ठी. कुणाची वस्तू, कुणी आणली, कधी, कुठून, कुणी दुरुस्त केली. शिसपेन्सिलीनं लिहा, शाई पाण्यानं जाते. चिठ्ठी वस्तूला टाचणीनं टोचू नका, शेजारी ठेवा. वस्तू हातात घेतलेल्या माणसाचा एक फोटो काढा.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांनी आपल्या गेलेल्या लहान मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. तिथं राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. अडकित्ते, दिवे, भांडी, बाहुल्या. दिल्लीला शंकर यांनी १९६५ मध्ये बाहुल्यांचं संग्रहालय सुरू केलं. कधी गेलात तर जरूर बघा. पण सगळ्याच वस्तू काही संग्रहालयात जाणार नाहीत. आपल्या उतरंडीमागं, फडताळात, माळ्यावर ज्या आहेत त्या आपणच जपायच्या. चिंध्यांची बाहुली असेल, पोळ्याचा लाकडी बैल असेल, पाळण्यावर टांगलेला राघू असेल.

काकूंच्या घरी शेवटी काय झालं ते सांगून थांबतो. आत्या आल्या. मुलानं गाडीतून आणलं. नव्या स्लॅबच्या घरात खुर्चीवर बसल्या, अस्वल मांडीवर घेतलं, पाठीवरचा निळा टाका बोटानं चाचपला. पुतण्यानं विचारलं, "आत्या, तुम्ही घेऊन जाता का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. ह्या घरासाठी चाललं ते, इथंच राहू दे. पर विकायचं झालं तर मला विचारायचं." मग काकूंनी चिठ्ठी लिहायला घेतली. पहिल्या ओळीत काय लिहायचं यावर कुणाचाच वाद झाला नाही. तिथं आत्यांचं नाव आहे, माहेरचं.

तेव्हा मैत्रिणींनो, जुनी पेटी उघडाल तेव्हा किंमत विचारण्याआधी एक विचारा, हे कुणाचं? आणि सांगणारं माणूस असेल तर आजच फोन लावा.